फोनवरची शाळा आणि कामावरची बोली

या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला नेमून दिलेला विषय नावाने भारदस्त आहे. स्त्रिया आणि पुरुष, निरनिराळ्या भाषांचे आणि चालीरीतींचे लोक एकत्र काम करू लागले, एकत्र शिकू लागले आणि त्यांतले पुष्कळसे शिकणे-बोलणे फोनच्या पडद्यावरून होऊ लागले, म्हणजे काय घडते, असा तो विषय. मी तो माझ्या मगदुराप्रमाणे लहान करून घेतो. कामगाराला सांगितलेली गोष्ट त्याला किंवा तिला कळली की नाही, आणि कळली नसेल तर ‘मला कळले नाही’ असे म्हणण्याची सोय आहे की नाही, एवढेच मी पाहणार आहे. प्रश्न एवढासा दिसतो. पण रसायनाच्या कारखान्यात त्यावर माणसाचा हात, डोळा आणि प्रसंगी जीवही अवलंबून असतो.

भाषांची आणि आचारांची सरमिसळ आपल्या किनाऱ्याला मुळीच नवी नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज येथे आले असे सांगणारे बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. गावाने त्यांचा शनिवार मानला. सर्वांची विश्रांती एकाच वारी असली पाहिजे असा हट्ट धरला नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला पोर्तुगीजांची सत्ता १७४० साली संपली, पण तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून उपजलेली बोली आजही घरात बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. मुले मात्र मराठी शाळेत जातात. मुरूड-श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, खाडीकाठचे आगरी, समुद्रावरचे कोळी, डोंगरातले कातकरी आणि ठाकूर, प्रत्येकाची बोली निराळी. तरी मासळीबाजारात कोणाचे अडले नाही. तेथे बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात. कोळीण भाव सांगते, गिऱ्हाईक तोंड वाकडे करते, ती टोपलीवरचा हात न काढता दुसरा भाव सांगते. न कळलेले तेथल्या तेथे निस्तरता येते.

कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, त्याच सुमारास या किनाऱ्याचे रूप पालटू लागले. थळला खतकारखाना आला, नागोठण्याला पेट्रोरसायने आली, डोलवीला पोलाद, रोहे-महाडला औद्योगिक वसाहती, आणि १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. प्रथम स्थानिक माणूस कामाला लागला. पुढे कंत्राटी पद्धत वाढली आणि मुकादमांनी पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून माणसे आणली. आज एखाद्या शटडाऊनच्या कामात एकाच मचाणावर चार भाषांची माणसे उभी असतात, आणि खाली झाडलोट, पॅकिंग, रंगकाम करणाऱ्या बाया आगरी किंवा कातकरी बोलत असतात. या सर्वांमध्ये दुवा म्हणून चालते ती मुंबईची बाजारी हिंदी, आणि ती कोणाचीच घरची भाषा नाही.

आता गैरसमज कसे होतात ते पाहा. आमच्या आगरी-कोळी बोलीत वडीलधाऱ्यालाही एकेरी हाक मारतात आणि त्यात अनादर नसतो, उलट आपलेपणा असतो. हाच माणूस फोरमन झाला आणि त्याच सवयीने हिंदीत ‘तू इधर आ’ म्हणाला, की बलियाकडून आलेल्या पन्नाशीच्या फिटरला ती शिवीच्या जवळची गोष्ट वाटते. उलट तो फिटर स्वतःविषयी बोलताना ‘हम’ म्हणतो, कारण त्याच्या मुलखात एकटा माणूसही ‘हम’च असतो, आमच्या फोरमनला वाटते, हा स्वतःला कोण समजतो! दोघेही सज्जन, दोघेही आपापल्या आईने शिकविलेले बोलतात, आणि दुपारपर्यंत दोघांत बोलणे बंद. बोलणे बंद झाले म्हणजे फिटर सूचना पुन्हा विचारीत नाही.

ओडिया आणि बंगाली या भाषांत क्रियापदाला लिंग नसते. तिकडचा मुलगा ‘मॅडम आया’ म्हणतो, मंडळी हसतात, आणि तो पुढे मॅडमशी बोलायचेच टाळतो. ती मॅडम सुरक्षा अधिकारी असेल तर हा विनोद महाग पडतो. मराठीत तर लिंग पहिल्या पुरुषातसुद्धा आहे. ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ यांत माणूस कोण ते उघडे पडते. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी कारखान्यातून शपथ घेतात, ती बहुधा ‘करतो’ अशी सांगितली जाते. रांगेतल्या बाया कोणी हळूच ‘करते’ म्हणतात, कोणी गप्प राहतात. मंडळी म्हणतील, एका मात्रेचे काय घेऊन बसलात? पण ज्या कागदात आपण धरलेलोच नाही तो कागद आपल्यासाठी नाही, असे माणसाला वाटू लागते. आमच्या संघटनांची पत्रकेही वर्षानुवर्षे ‘कामगार बंधूंनो’ अशीच सुरू होत आली आहेत. वास्तविक नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीसाठी १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांची जी प्रचंड सभा भरविली, तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली होती. बाईने कामगारांच्या सभेत उभे राहून बोलणे हे आपल्याकडे चळवळीइतकेच जुने आहे; पत्रकाचा मायना मागे राहिला.

शब्दांचाही एक धोका आहे. आपण घरी ‘लाईन गेली’ म्हणतो तेव्हा वीज गेलेली असते. कारखान्यात लाईन म्हणजे वीज, आणि लाईन म्हणजे नळीसुद्धा. ‘लाईन बंद है’ असे सांगितल्यावर वेल्डर वीज बंद समजला, सांगणाऱ्याच्या मनात नळीचा व्हॉल्व्ह होता, तर ठिणगी पडायला वेळ लागत नाही. आणि ‘बंद’ म्हणजे ‘रिकामी’ नव्हे. व्हॉल्व्ह बंद असून नळीत वायू शिल्लक असू शकतो. म्हणून जाणते लोक कामाच्या परमिटात ‘बंद केली, रिकामी केली, धुतली, मोजली’ असे चार वेगळे शब्द वापरतात. हे चार शब्द मचाणावरच्या चारही भाषांत पोचले पाहिजेत.

कायद्याने या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमात असे होते की, कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. त्या काळी हे मोठेच पाऊल होते. परंतु ‘बहुसंख्य’ या शब्दात अल्पसंख्य बुडाला. शंभरांत साठ मराठी असतील तर उरलेल्या चाळिसांनी पाटी कशी वाचायची, हे त्या कलमात नव्हते. आणि ज्याला वाचताच येत नाही त्याचे काय, हेही नव्हते. पुढे १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले. भोवतालच्या वस्तीला आपल्या शेजारी कोणते विष साठवले आहे आणि ते सुटले तर काय करावे, हे कोणी सांगितलेले नव्हते. तोंडावर ओले फडके धरावे एवढी साधी गोष्टही माहीत नसल्याने माणसे वायूतून धावत सुटली. त्यानंतर १९८७ साली कायदा दुरुस्त झाला. धोकादायक कारखान्याने कामगारांना व शेजारच्या जनतेला धोक्याची माहिती दिलीच पाहिजे असे ठरले, आणि संकट डोळ्यांसमोर दिसत असेल तर तसा इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. माझ्या मते या देशातल्या कामगार कायद्यातील ही फार मोलाची तरतूद होय, कारण तीत कामगार नुसता ऐकणारा राहिला नाही, सांगणारा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाना कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली; ही माहिती देण्याचे बंधन आणि इशाऱ्याचा हक्क तीतही आहेत. नव्या संहितांविषयी आमच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण तो आजचा विषय नव्हे.

आता फोनकडे वळू. फोनवरच्या शाळेची आपल्याला खरी ओळख झाली ती २०२० साली. मार्चात साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि जूनपासून शिक्षण फोनवरून सुरू करण्याचे ठरले. रायगडच्या नशिबी त्याच जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब मोडले, फोनचे मनोरे मुके झाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या घराला कौल राहिले नव्हते त्या घरातल्या मुलाची हजेरी फोनवर घ्यायची होती. वाडीवरच्या कातकरी मुलांची गोष्ट तर त्याहून वेगळी. त्यांचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, मुले बरोबर जातात. तेथे शाळा पोचत नव्हती, फोनवरून तरी कशी पोचणार?

फोन ज्या घरात होता तेथेही तो घराचा होता, मुलीचा नव्हता. बाप कामाला निघाला की फोन त्याच्या खिशात जाई. दोन मुलांच्या तासांची वेळ एक आली तर फोन मुलाच्या हाती जाई, मुलगी भाकऱ्या करता करता ऐके. हा केवळ माझा ग्रह नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात शंभरांत ३३ निघाल्या आणि पुरुष ५७. आणखी एक गोष्ट. वर्गात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे आगरी-कोळ्याचे पोर पूर्वीही हसण्याचा विषय होई, पण तेव्हा हसणारी पोरे वर्गातली असत. फोनच्या वर्गात प्रत्येक पोरामागे त्याचे अख्खे घर बसलेले. एवढ्या लोकांसमोर एकदा शब्द दुरुस्त करून घेतलेली मुलगी दुसऱ्या दिवशी आपला आवाज बंदच ठेवते. गुरुजींना वाटते, नेटवर्क नाही.

तरीपण फोनच्या शाळेला नावे ठेवून मी मोकळा होणार नाही. जो शाळेत गेला नाही त्याला शिक्षणाची मागची दारे फार मोलाची असतात, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. माझे बहुतेक वाचन ग्रंथालयाच्या बाकावर आणि पाळी सुटल्यावर झालेले आहे. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि दहावी-बारावीची पायरी चुकलेल्यांनाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीला बसता येऊ लागले, तेव्हा कित्येक गृहिणींनी आणि कामगारांनी त्याचा लाभ घेतला. फोन हे असेच दार होऊ शकते. रात्री मुले निजल्यावर एखादी बाई बोलता बोलता इंग्रजी शिकते, हिशेब शिकते, शिवणाचा नवा प्रकार शिकते. तिला कोणी हसत नाही, थांबवून पुन्हा ऐकता येते. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २०२१ च्या ऑगस्टात ई-श्रम सुरू झाले, तेव्हा ते मोजक्याच भाषांत होते. २०२५ च्या जानेवारीत भाषांतरयंत्राच्या साहाय्याने ते २२ भाषांत आले. ही गोष्ट मी लहान मानीत नाही. संथाली किंवा मैथिली बोलणाऱ्या माणसाला आपली भाषा सरकारी पडद्यावर दिसणे ही मानाची बाब आहे. मात्र २२ भाषांच्या यादीत कातकरी नाही, आगरी नाही, कोर्लईची बोली नाही, आणि लिहिलेले भाषांतर वाचता आले पाहिजे ही अट तशीच राहिली.

कारखान्यांनी हीच रीत उचलली. पूर्वी नवा कामगार आला की सुरक्षा अधिकारी अर्धा तास त्याला समोर बसवून सांगे. आता पुष्कळ ठिकाणी फोनवर एक चित्रफीत येते, शेवटी दहा प्रश्न येतात, उत्तरे बरोबर आली की गेटपास निघतो. एका कारखान्याच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर मी पाहिले: मुकादमाच्या हाताखालचा पोरगा बारा जणांचे फोन समोर मांडून बाराही जणांची उत्तरे भराभर दाबीत होता. पलीकडे बारा जण चहा पीत होते. नोंदीत बारा जण शिकले. त्यांत तीन बाया होत्या. त्यांच्या नावापुढचे नंबर त्यांच्या नवऱ्यांचे होते, कारण त्यांच्याकडे फोनच नव्हते. सायरन वाजला तर कोणत्या बाजूला धावायचे याचा निरोप, असलाच तर, घरी त्या नवऱ्यांना जाणार होता. अर्थात त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. चित्रफीत इंग्रजी छापाच्या हिंदीत होती, तिचा वेळ मजुरीत धरला जात नव्हता, आणि गेटपासाशिवाय दिवसाचा खाडा पडणार होता.

कामाच्या व्हॉट्सॲप गटांची कथा निराळी. पाळीचा बदल, बसची वेळ, मास्क घालण्याची ताकीद, सगळे त्यावर येते. आणि त्याच्या मागेपुढे सकाळच्या शुभेच्छा, देवादिकांची चित्रे, कोणाच्या सणाचे फलक येतात. एका धर्माचे फलक रोज आणि दुसऱ्याच्या सणाला मौन, असे झाले की गटात कोण घरचा आणि कोण पाहुणा ते न बोलता ठरते. रात्री अकरानंतर काही वीर चावट विनोद टाकतात. बाई काय करते? तक्रार करीत नाही, गटातून बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी बसची वेळ बदललेली असते, ती थांब्यावर उभी राहते, तिचा खाडा लागतो. वरचे साहेब म्हणतात, निरोप तर गटावर टाकला होता! वस्तुतः २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक अर्थाची शेरेबाजी आणि अश्लील चित्रे दाखविणे हा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळच होय. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती असली पाहिजे, तिची अध्यक्ष स्त्री असली पाहिजे, निम्मे सभासद तरी स्त्रिया असल्या पाहिजेत. दहाहून कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांत लेखी करायची असते, आणि जिला लिहिता येत नाही तिला लिहायला मदत करणे हे समितीचेच काम आहे. ही शेवटची तरतूद आपल्या भागातल्या किती बायांना ठाऊक आहे? समितीचा फलक असतो, तो इंग्रजीत, साहेबांच्या मजल्यावर.

येथे रात्रपाळीचा प्रश्न येऊन मिळतो. जुन्या कायद्याप्रमाणे बायांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच कारखान्यात काम देता येई, काही सवलती सोडून. नव्या संहितेने त्यांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रीही काम करता येईल असे म्हटले. बाईने रात्री काम करू नये या मताचा मी नाही. ससून डॉकला जाणाऱ्या कोळणी पहाटे तीनला घराबाहेर पडत आल्या आहेत आणि त्यांना कोणी कायदा विचारला नाही. पण ‘संमती’ म्हणजे काय? फोनवर एक चौकट येते, तीत खूण करायची. ज्या फोनवर दहा प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याने दाबली, त्याच फोनवर ही खूणही दुसराच दाबील. परतीची गाडी कोणती, रात्री पाळीवर आणखी किती बाया आहेत, नाही म्हटले तर दिवसपाळी राहील की जाईल, हे तिला तिच्या बोलीत सांगून, तिच्या तोंडून हो किंवा नाही ऐकल्याशिवाय ती संमती कशी?

काही ठिकाणी चांगलेही चालले आहे, तेही सांगतो. एका कारखान्यात रोज पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटांचे जे बोलणे होते त्यात सांगणाऱ्याने नुसते सांगायचे नाही, एका कामगाराने ते आपल्या भाषेत परत सांगायचे, असा पायंडा पडला आहे. पहिल्या आठवड्यात सगळे लाजले. नंतर एका झारखंडच्या मुलाने ‘नळी रिकामी केली’ याऐवजी ‘नळी बंद केली’ असे सांगितले आणि तेथल्या तेथे चूक ध्यानात आली. बायांच्या गटात हे काम एक आगरी बाई करते. तिचा आवाज मासळीबाजारात घडलेला असल्यामुळे कंप्रेसर चालू असतानाही शेवटच्या रांगेपर्यंत जातो. ऑफिसातल्या एका गृहस्थांनी तिला ‘हळू बोला’ असे सुचविले होते. पाळीच्या माणसांनी ते मानले नाही.

यंदाच्या मागणीपत्रात आम्ही पगाराच्या कलमांखाली चार साधी कलमे घातली आहेत. प्रशिक्षण फोनवर असो वा समोर, त्याचा वेळ मजुरीत धरावा. गेटपासाच्या अर्जात कामगाराची बोली कोणती आणि दिलेला फोन कोणाचा, असे दोन रकाने असावेत. पाळीचे व सुरक्षिततेचे निरोप वेगळ्या गटावर, बोलून पाठवावेत, त्या गटावर दुसरे काही येऊ नये, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना मुकादमाने तोंडी सांगून सही-अंगठा घ्यावा. रात्रपाळीची संमती समितीतल्या स्त्री सभासदासमोर घ्यावी. पहिल्या बैठकीत रकान्यांना मालकांची हरकत निघाली नाही. त्याला खर्च नाही. मजुरीच्या वेळेवर मात्र अडले आहे, आणि पुढची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली आहे.